अप्पा पॉइंट

सोलापुरी चादर फाटत नाही. विटते, मऊ पडते, कडेचे दोरे सुटतात, पण फाटत नाही. आमची लाल चादर मी परवा बॅगेत भरली तेव्हा सुधीर, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "मुक्ताकडे पांघरुणं आहेत यार, हे ओझं कशाला?" थोड्या वेळानं त्यानंच ती बाहेर काढली, नीट घडी घातली आणि स्वेटरांच्या खाली परत ठेवली. शिकागोजवळच्या शॉमबर्गहून डेन्व्हरला निघताना विमानात सामान जास्त झालं ते तिच्यामुळेच.

आत्ता ती माझ्या खांद्यावर आहे. डेन्व्हरच्या पश्चिमेला सपाटी जिथे संपते आणि डोंगर एकदम अंगावर येतात, तिथे एक माळ आहे. पिवळं गवत, मधूनमधून बर्फाचे पट्टे, एक तारेचं कुंपण. कुंपणाशी आम्ही दोघं उभे आहोत. वारा असा की बोलताना शब्द मागे जातात. आमची मुलगी मुक्ता आज सकाळच्या रेल्वेनं स्कीइंगला निघाली आहे आणि ती गाडी थोड्या वेळानं समोरच्या डोंगरावरून जाईल. तोवर आम्हाला काही काम नाही.

माझे वडील, अप्पा, सांगलीत एका बँकेत होते. बँकेतल्या माणसांना तेव्हा दर काही वर्षांनी सहकुटुंब प्रवासाची सवलत मिळायची, एलटीसी. आमच्या घरात एलटीसीचा प्रवास हा जाण्याआधीच जवळजवळ पूर्ण व्हायचा. रात्रीची जेवणं झाली की अप्पा सतरंजीवर रेल्वेचं टाइमटेबल उघडायचे, शेजारी नकाशा पसरायचे आणि विचारायचे, "हं. जायचं कसं?" मग मिरजेहून कुठली गाडी, ती चुकली तर कुठली, दिल्लीला किती वेळ मिळतो, तेवढ्यात स्टेशनबाहेर जेवून येता येईल का. आईच्या हातात तांदळाचं सूप, माझ्या हातात पेन्सिल, आणि खोलीत त्या टाइमटेबलच्या पातळ कागदाचा वास. काश्मीरला जायचं आम्ही किती वेळा ठरवलं याला गणती नाही. जम्मूच्या पुढच्या बसमध्ये कुठल्या बाजूला बसायचं इथपर्यंत ठरलेलं असायचं. गेलो मात्र कधी हरिहरेश्वरला, कधी म्हैसूरला. का, ते आता सांगत बसत नाही. प्रत्येक वेळी काहीतरी व्हायचं.

त्यामुळे अप्पांनी बर्फ पाहिला तो लाकडाच्या भुशात गुंडाळलेला, रसवंतीच्या दारातला. बर्फाचा डोंगर त्यांनी पाहिला नव्हता. तो बघायची त्यांची फार इच्छा होती, आणि ती ते कधी बोलून दाखवायचे नाहीत. नुसतं विचारायचे, जायचं कसं.

लग्नानंतर काही वर्षांनी, तान्ह्या मुक्ताला घेऊन आम्ही डेन्व्हरला आलो तेव्हा दोन हजार दोनची थंडी सुरू झाली होती. दर रविवारी कॉलिंग कार्ड खरवडून तो लांबलचक नंबर दाबायचा, मग एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज, मग समुद्रातून यावं तसं अप्पांचं खाकरणं. एकदा बोलता बोलता मी सहज म्हटलं, "अप्पा, आमच्या किचनच्या खिडकीतून बर्फाचे डोंगर दिसतात." पलीकडे कागद उलगडल्याचा आवाज आला.

"मग," अप्पा म्हणाले, "जायचं कसं?"

पहिल्या वर्षी आम्ही गाडी घेऊन गेलो. आमची जुनी टोयोटा, सुधीरचे स्टिअरिंगवर आवळलेले हात, मागे कारसीटमध्ये चिमुकली मुक्ता. हीटरचा भाजका वास आणि संत्र्याच्या सालींचा वास. घाटात पोचता पोचता पुढच्या सगळ्या गाड्यांचे लाल दिवे लागले आणि जे थांबलो ते थांबलोच. बाजूला ट्रकवाले चाकांना साखळ्या बांधत होते, त्यांचा खणखणाट काचेतून ऐकू यायचा. आम्ही तिथेच डबा उघडला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, बटाट्याची भाजी. पिशवीतलं चिवड्याचं बंद पाकीट उंचीमुळे उशीसारखं टम्म फुगलं होतं, मुक्ता त्यावर डोकं ठेवून झोपली. हे सगळं मी रविवारी अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "घाटात डबा नेहमी हाताशी ठेवावा, डिकीत नाही."

वर पोचल्यावर काय करायचं हे आम्हाला खरं म्हणजे माहीत नव्हतं. आपण थंड हवेच्या ठिकाणी जातो ते पॉइंट बघायला. महाबळेश्वरला गेलं की हा पॉइंट, तो पॉइंट, सूर्यास्त, कणीस, परत. अप्पांनी फोनवर बजावलंच होतं, "तिथले पॉइंट आधी विचारून घ्या." म्हणून सुधीरनं चौकशीच्या खिडकीत जाऊन खरोखर विचारलं की बघण्यासारखे पॉइंट कुठले. आतली मुलगी गोड हसली आणि तिनं डोंगराकडे बोट केलं. आम्ही लिफ्टची तिकिटं काढली आणि तारेला टांगलेल्या खुर्चीत बसून वर गेलो. वर उतरलो, सतरंजी अंथरली, थर्मासमधला चहा प्यायलो, दृश्य बघितलं. मग लक्षात आलं की बाकीचे सगळे इथून घसरत खाली जाताहेत आणि लिफ्टनं खाली येणारं कोणीच नाही. लिफ्टवाल्यानं बिचाऱ्यानं ती हळू करून आम्हाला बसवलं. समोरून एकामागून एक खुर्च्या वर येत होत्या, पायाला लांब पट्ट्या लावलेले लोक आमच्याकडे वळून वळून बघत होते, आणि आम्ही तिघं मांडीवर रिकामा डबा घेऊन उलट्या दिशेनं खाली चाललो होतो. सुधीर पुढे आठवडाभर ऑफिसात हे कोणाला बोलला नाही. अप्पांना मात्र फार आवडलं. "म्हणजे पॉइंट बघितलात," ते म्हणाले.

पुढच्या वर्षी शटल व्हॅननं गेलो. ओल्या मोज्यांचा वास, छपरावर स्की बांधलेल्या, पाव्हण्यांच्या गुडघ्याला आपला गुडघा. त्यातही अप्पांना व्हॅन कुठे थांबते, ड्रायव्हर चहाला उतरतो का, हे सगळं हवं होतं. आणि त्यानंतर मला कोणीतरी सांगितलं की अगं, डेन्व्हरहून रेल्वे जाते. हिवाळ्यात, शनिवार-रविवारी. सकाळी निघते, डोंगर चढते, एका लांबच लांब बोगद्यातून पलीकडे निघते आणि थेट बर्फाच्या पायथ्याशी उभी राहते. संध्याकाळी तीच परत आणते.

हे ऐकून अप्पा नुसते खूश झाले असं म्हणणं कमी आहे. त्यांनी टाइमटेबल मागवून घेतलं. ते पोचल्यावर जरा हिरमुसले, कारण त्यात जाणारी एक गाडी होती आणि येणारी एक, ठरवण्यासारखं काही नव्हतंच. मग त्यांनी नकाशा मागवला. नंतरचे कितीतरी रविवार आम्ही फोनवर त्या रुळांवरून प्रवास केला. "इथं नदी लागते का गं?" ते विचारायचे. "इथे गाडीला दम लागत असणार, चढ बघ किती आहे." मला अर्धं माहीत नसायचं, पण मी हो म्हणायचे.

आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात अप्पा आमच्याकडे आले. बॅगेत मेतकूट, गोडा मसाला आणि ही लाल चादर, कारण परक्या घरची पांघरुणं त्यांना टोचायची. आम्ही रेल्वेची चार तिकिटं आधीच काढून ठेवली होती. अप्पा ती रोज एकदा हातात घेऊन बघायचे आणि फ्रिजवर चुंबकाखाली परत लावायचे.

अप्पांच्या छातीत तोवर अँजिओप्लास्टीची एक स्प्रिंग बसवलेली होती. डेन्व्हरला आल्यापासून आमचा जिना चढताना ते मध्येच थांबायचे आणि भिंतीवरचे फोटो बघायचे. रोज तेच फोटो. मी त्यांना डॉक्टर काकांकडे घेऊन गेले. हे काका फार वर्षांपूर्वी नागपूरहून आलेले, आता रिटायर झालेले, पण डेन्व्हरमधल्या निम्म्या मराठी घरांची नाडी त्यांच्याच हातात. त्यांनी अप्पांना नीट तपासलं, काकूंना चहा टाकायला सांगितलं आणि मग म्हणाले, "अप्पासाहेब, एक सांगतो, रागावू नका. हे डेन्व्हरच मैलभर उंचावर आहे. तुम्हाला एवढी उंची पुरे. ह्याच्या वर जायचं नाही."

"कारनं, सावकाश गेलं तर?" अप्पांनी विचारलं.

"कारनंही नाही."

"रेल्वेनं?"

"अप्पासाहेब, कशानंही गेलात तरी वरची हवा तीच."

अप्पांनी चहा संपवला. काकूंच्या बेसनाच्या लाडवाला चांगलं म्हटलं. घरी येताना गाडीत ते खिडकीतून डोंगराकडे बघत होते. मला डॉक्टर काकांचा इतका राग आला, आणि त्यांनी तर रागावण्यासारखं काहीच केलं नव्हतं. इतक्या लांबून येऊन हा माणूस डोंगरासमोर उभा आहे आणि डोंगरावर जाऊ शकत नाही, हे मला सहन होत नव्हतं. मी म्हटलं, "तिकिटं कॅन्सल करते." अप्पा म्हणाले, "अजिबात नाही. मुक्ताला जायचंय. तू आणि ती जाल." मग बराच वेळ गेल्यावर स्वतःशीच बोलल्यासारखे, "आता जायचं कसं, ते बघू."

पुढचे काही दिवस डायनिंग टेबलवर नकाशा आणि भिंग. मुक्ता शाळेतून आली की त्यांच्या शेजारी खुर्चीवर गुडघे टेकून उभी राहायची. "अप्पा, व्हॉट आर वी फाइंडिंग?" "रस्ता," अप्पा म्हणायचे. ती इंग्रजीत विचारायची, ते मराठीत सांगायचे, दोघांचं उत्तम चालायचं. एका संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. नकाशावर डोंगराच्या पायथ्याशी रुळांनी मोठमोठी वळणं घेतली होती, चढ जमावा म्हणून. त्या वळणांच्या समोर सपाटीवर एक रस्ता होता. "इथे उभं राहिलं," त्यांचं बोट त्या रस्त्यावर होतं, "की एकच गाडी दोनदा दिसणार. एकदा खाली, वळणावर. एकदा वर. ही जागा डेन्व्हरपेक्षा फार उंच नाही, मी डॉक्टरांना फोन करून विचारलंय. तुम्ही दोघी गाडीत. मी आणि सुधीरराव इथे." मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "गाडी बघायला वर कशाला जायला हवं?"

त्या सकाळी अप्पा स्टेशनवर सोडायला आले होते. डिझेलचा वास, कॉफीचा वास, स्कीच्या बुटांचा फरशीवर ठॉक ठॉक आवाज. अप्पा इंजिनापर्यंत चालत जाऊन आले. येताना डब्याच्या थंडगार पत्र्याला त्यांनी हात लावून बघितला. मग मुक्ताची निळी लोकरी टोपी कानांवरून खाली ओढून हनुवटीखाली बंद बांधले आणि मला म्हणाले, "उजवीकडे बसा. लाल चादर बघायची. सुधीरराव आणि मी दोन बाजूंनी धरणार."

गाडी हलली. गोदामं, घरांच्या मागच्या बाजू, मग माळ. वळण आलं तेव्हा आम्ही दोघी काचेला चिकटून बसलो. आणि बघतो तर वळणाच्या कडेला रुळांवर जुनी मालगाडी उभी. तिच्यात वाळू भरून ठेवलेली असते, वाऱ्यानं गाडी ढकलली जाऊ नये म्हणून, हे नंतर कळलं. अप्पांच्या नकाशात ती नव्हती. एकामागून एक गंजके डबे खिडकीतून सरकत राहिले आणि त्यांच्या पलीकडे काय आहे ते काही दिसेना. "व्हेअर इज अप्पा?" मुक्ता म्हणाली. मग तिचा आवाज रडवेला झाला. "आई, वी मिस्ड हिम." मी तिला म्हटलं, "अजून एकदा आहे. वर."

गाडी कुरकुरत चढली, वळली, आणि एकाएकी सगळी सपाटी खाली पसरली. पिवळा माळ, रस्त्याची रेघ, आणि रस्त्याच्या कडेला एक लाल चौकोन. लग्नात दोघं अंतरपाट धरतात तसा ताणून धरलेला, वाऱ्यानं मध्ये फुगलेला. माणसं दिसत नव्हती, चादर दिसत होती. मुक्ता सीटवर उभी राहून दोन्ही हात हलवायला लागली. समोरच्या बाकावरचा एक दांडगा, दाढीवाला माणूस वाकून बघत म्हणाला, "हू इज दॅट, स्वीटी?" "माय ग्रँडपा," ती म्हणाली. तो हात हलवायला लागला. मग त्याची बायको. मग आमच्या बाजूच्या सगळ्या खिडक्यांतून ओळख ना पाळख अशी माणसं सांगलीच्या एका म्हाताऱ्याला हात करत होती. मग डोंगर आडवा आला.

पुढचा बोगदा मला आठवतो, त्यातला लांबलेला अंधार आणि रबरासारखा वास. बर्फात दिवसभर काय केलं ते फारसं आठवत नाही.

संध्याकाळी अप्पा स्टेशनवर थर्मास घेऊन उभे होते. नाक लाल झालेलं, आवाज बसलेला. मी म्हटलं, "आम्हाला चादर दिसली." अप्पा म्हणाले, "आम्हाला तर सगळं दिसलं. तू हात हलवत होतीस. मुक्ता खिडकीला नाक लावून. निळी टोपी अगदी स्पष्ट." सुधीर गाडीची किल्ली शोधत होता. मुक्ता अप्पांकडे बघत राहिली आणि मग त्यांच्या स्वेटरमध्ये तोंड खुपसून बसली. परतताना तिनंच त्या जागेचं नाव ठेवलं, अप्पा पॉइंट. पॉइंट बघून झाला, असं अप्पा म्हणाले.

वसंतात ते परत गेले. चादर ठेवून गेले, मुक्तासाठी. सांगलीत बर्फाच्या डोंगराची गोष्ट सांगताना ते "आम्ही गेलो होतो" असं म्हणायचे, आणि ऐकणाऱ्याला ते गाडीत होते असंच वाटायचं. पुढच्या हिवाळ्यात आम्ही त्या रेल्वेनं गेलो तेव्हा वरच्या वळणावर रिकाम्या माळाला हात केला. रविवारी फोनवर अप्पांचा पहिला प्रश्न तोच, "पॉइंटला हात केलात का?" त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तो प्रश्न विचारायला ते नव्हते. काही दिवसांनी ती गाडीही बंद झाली आणि सुधीरच्या नोकरीमागे आम्ही शॉमबर्गला आलो. तिथे डोंगर नाहीत. किचनच्या खिडकीतून शेजाऱ्यांचं गॅरेज दिसतं.

गाडी पुन्हा सुरू झाली ती मुक्ता नोकरीला डेन्व्हरला आली त्याच्या आधी कधीतरी. काल रात्री जेवताना तिनंच विचारलं, "आई, चादर आणलीयस ना?"

"आली," सुधीर म्हणाला.

खालच्या वळणावर गाडी दिसली. वाळूची मालगाडी अजून आहे, तिच्यामागे ती दिसेनाशी झाली. आम्ही चादर उलगडली. सुधीरनं त्याचं टोक धरलं, मी अप्पांचं. वाऱ्यानं ती अशी खेचली की माझे खांदे दुखले. त्या वयात, ती स्प्रिंग घेऊन, हे त्यांनी कसं धरलं असेल. मग गाडी वर निघाली. मी ती इतकी वर्षं आतूनच पाहिली होती, बाहेरून कधी नाही. डोंगरावर एक बारीक, चंदेरी रेघ सरकत होती. आवाज नाही. खिडक्यांवर ऊन चमकत होतं, बस. एकही माणूस दिसत नव्हता, एकही हात. मी चष्मा वर-खाली करून बघितलं.

"सुधीर, अरे इथून काहीच दिसत नाही."

"नाहीच दिसत."

"तेव्हा दिसत होतं?"

तो चादरीकडे बघत होता. "तेव्हाही नाही. मी विचारलं त्यांना, अप्पा, काही दिसतंय का. ते म्हणाले, त्यांना आपण दिसतोय ना, मग झालं. आणि म्हणाले, घरी बोलू नका."

मला रडू आलं. वाऱ्यामुळे तसंही डोळ्यांतून पाणी येतच होतं, त्यामुळे काही फरक पडला नाही. खिशातला फोन वाजला. एका हातानं चादर धरून मी तो कानाला लावला.

"आई! आय सॉ इट! चादर दिसली! डब्यातले सगळे वेव्ह करतायत. मी दिसले का?"

"दिसलीस की," मी म्हटलं. "खिडकीशी होतीस, हात हलवत होतीस. हिरवी टोपी अगदी स्पष्ट." ती टोपी सकाळी दारात मी तिच्या डोक्यावर पाहिली होती.



"आई, टोपी बॅगेत आहे. इथे खूप गरम होतं. तेव्हाही मी काढून ठेवली होती, निळी."

म्हणजे घरात एकटीला मलाच माहीत नव्हतं. "मग तेव्हा बोलली का नाहीस गं?"

"अप्पा किती खूश होते," मुक्ता म्हणाली. आणखीही काही म्हणत होती, पण गाडी डोंगरामागे गेली आणि फोन कटला.

सुधीर त्याचं टोक घेऊन माझ्याकडे चालत आला. आम्ही टोकाला टोक लावलं आणि चादरीची घडी घातली.